लॉर्ड केल्व्हिन आणि पारगावचा बंब

विल्यम थॉमसन यांचा जन्म १८२४ सालचा, बेलफास्टचा. सहाव्या वर्षी आई गेली. वडील गणिताचे प्राध्यापक. त्यांनी मुलांना घरीच शिकवलं आणि पुढं नोकरीपायी ग्लासगोला नेलं. दहाव्या वर्षी विल्यम तिथल्या विद्यापीठात जाऊन बसू लागला, बाविसाव्या वर्षी तिथंच प्राध्यापक झाला आणि ५३ वर्षं त्या जागेवर राहिला. दर तीन वर्षांनी बदलीचा हुकूम घेणाऱ्या माझ्यासारख्या बँकवाल्याला याचा हेवाच वाटतो.

अटलांटिकच्या तळाशी तार टाकण्याच्या कामगिरीबद्दल १८६६ मध्ये ते सर झाले. १८९२ मध्ये उमरावपद मिळालं, तेव्हा विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्व्हिन नदीचं नाव त्यांनी घेतलं. पृथ्वीच्या वयाचा त्यांचा हिशेब मात्र पार चुकला. असो.

मला त्यांची आठवण आली ती १८५२ सालच्या एका निबंधामुळे. घर ऊबदार करायला कोळसा थेट जाळण्यापेक्षा, त्याच्या शक्तीवर यंत्र चालवून बाहेरच्या गार हवेतली उष्णता उपसून आत आणावी, अशी ती कल्पना. उलटं चालवलं तर तेच यंत्र घर थंड करील. आपली मोट पाणी निर्माण करत नाही, खालचं वर आणते, तसंच हे. विहीर जितकी खोल, तितकी बैलांची दमछाक. इथं खोली म्हणजे दोन तपमानांतलं अंतर. ते मोजायची पट्टीही त्यांचीच, १८४८ सालची. तिचं शून्य आपल्या शून्याच्या २७३ अंश खाली. पण कोळसा स्वस्त होता, निबंध कागदावरच राहिला. झुरिकच्या नगरभवनाला लिमात नदीच्या पाण्यातून अशी ऊब मिळायला १९३८ साल उजाडलं.

आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या पारगावच्या घरी यंदा हाच प्रश्न आला. थोरले बंधू आणि वहिनी पंच्याहत्तरीपुढचे. बंबासाठी पहाटे अंधारात लाकडं आणायची, आणि शेजारच्या उसात बिबट्या. हीट पंप घ्यायचं ठरलं. पण हवेवरचा की विहिरीच्या पाण्यावरचा? जमिनीत नळ्या पुरण्याचा तिसरा प्रकार काळ्या कातळात भोकं पाडण्याच्या खर्चानंच बाद झाला.

मी केल्व्हिनची पट्टी घेऊन बसलो. पाणी ५० अंशांवर न्यायचं, म्हणजे ३२३. पहाटेची हवा १० अंश धरली तर अंतर ४०. ३२३ भागिले ४०, म्हणजे एका युनिट विजेत फार तर आठ युनिट उष्णता. विहिरीचं पाणी २५ अंश धरलं तर जवळजवळ तेरा. प्रत्यक्ष यंत्रं तीन-चारच देतात, पण तुलना खोटी ठरत नाही. थंडीत विहिरीवर वाफ दिसते ती उगीच नव्हे. बंधूंचा कौल अर्थातच विहिरीला.

पण आपल्याला ग्लासगोसारखी रात्रभर खोली तापवायची नाही, अंघोळीचं पाणी हवं. पौषातही दुपारची हवा २८ अंशांच्या आसपास जाते. तेव्हा पंप चालवून पाणी जाड आवरणाच्या टाकीत साठवलं, तर विहिरीचा फायदा उरत नाही. शिवाय वैशाखात विहीर तळ गाठते, हवा कधी आटत नाही. हवेवरचाच घेतला. तांब्याचा बंब वहिनींनी घासूनपुसून माळ्यावर ठेवला आहे.

केल्व्हिन यांना १९०७ च्या नोव्हेंबरात थंडी बाधली. १७ डिसेंबरला स्कॉटलंडमधल्या लार्ग्जच्या राहत्या घरी ते गेले. वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटनजवळ त्यांची कबर आहे.