तुळसाबाई होळकर : सहा वर्षांचा कारभार

इंदूर शहर मागे टाकून सांवेर रोडला लागले की दुतर्फा कारखान्यांच्या रांगा दिसू लागतात. हाच रस्ता पुढे सांवेरवरून उज्जैनला जातो आणि उज्जैनच्या पलीकडे, क्षिप्रेच्या काठी, महिदपूर आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजी तेथे होळकरांच्या फौजेचा इंग्रजांकडून पराभव झाला, हे आपण शाळेपासून वाचत आलो. आदल्याच दिवशी त्याच नदीकाठी राज्याचा कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा होळकरांच्याच फौजेतील सरदारांनी शिरच्छेद करविला, याचा उल्लेख मात्र आपण ओझरता करून पुढे जातो.

तुळसाबाईंच्या पूर्वायुष्याविषयी जे ज्ञात आहे, ते बहुतांशी सर जॉन माल्कम यांच्या १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथातून. मानभाव पंथातील अजीबा नावाच्या साधूची कन्या म्हणून त्या ओळखल्या जात. यशवंतराव होळकरांच्या दृष्टीस पडल्या तेव्हा त्या विवाहित होत्या. त्या महाराजांच्या वाड्यात आल्या आणि पती बंदिवासात पडला. पुढे तुळसाबाईंच्या आग्रहावरून त्याची सुटका झाली. एक घोडा, वस्त्रे आणि थोडी रक्कम देऊन त्याची दक्षिणेत रवानगी करण्यात आली. राजाच्या प्रीतीची ही कथा अशा रीतीने एका अनाम माणसाच्या संसाराची किंमत देऊन सुरू झाली, हे विसरून चालणार नाही.

भानपुऱ्यास तोफा ओतण्याच्या ध्यासात रात्रंदिवस गुंतलेले यशवंतराव १८०८ च्या सुमारास भ्रमिष्ट झाले आणि ऑक्टोबर १८११ मध्ये निवर्तले. गादीवर आला मल्हारराव, पाचएक वर्षांचा पोर. त्याची जन्मदात्री कृष्णाबाई. परंतु त्याला मांडीवर घेतले होते तुळसाबाईंनी. त्या महाराजांच्या विवाहित पत्नी नव्हत्या, तरीही त्यांच्या विधवेचा मान आणि राज्याची मुखत्यारी त्यांच्याकडे आली.

योगायोग असा की, त्याच १८११ साली इंग्लंडातही राजे तिसरे जॉर्ज यांच्या वेडामुळे युवराजांस राजप्रतिनिधी नेमण्यात आले. १८२० पर्यंतचा तो काळ इंग्रजी कादंबरीकारांनी पुढे प्रणयरम्य करून सोडला. त्यातील नृत्यसमारंभ, उमदे घोडे आणि कोल्ह्याच्या शिकारीमागे दौडणारे उमराव आपल्यापैकी अनेक वाचकांच्या परिचयाचे असतील. माळव्यात त्याच वर्षांत एक तरुण स्त्री राज्य चालवीत होती. पण तिच्या भोवती होत्या छावणीच्या राहुट्या आणि थकलेल्या पगारासाठी धरणे धरून बसणाऱ्या पलटणी.

तुळसाबाई रूपवान, तल्लख आणि वक्तृत्वसंपन्न होत्या. घोड्यावर त्यांची बैठक डौलदार असे. त्या दौडीस निघाल्या म्हणजे राज्यातील मानकऱ्यांच्या घरच्या स्त्रियांचा मोठा मेळा घोड्यांवरून त्यांच्या मागे चाले. माल्कम यांनी हे सर्व मान्य केले आहे. मात्र निसर्गाचे इतके दान दुर्गुणांपायी वाया गेले, असाही निर्वाळा दिला आहे. त्या निर्वाळ्याला आधार नव्हता असे नाही. वृद्ध कारभारी बाळाराम शेट यांचा वध त्यांच्याच आज्ञेने झाला. दिवाण गणपतरावांशी त्यांचे प्रेमसंबंध उघड होते आणि त्यामुळे दरबारात त्यांचा वचक उरला नाही. ही बाजू झाकून त्यांचे चरित्र लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

तथापि १८१७ च्या अखेरीस त्यांनी जे ओळखले, ते त्यांच्या सरदारांना ओळखता आले नाही. इंग्रजांशी लढून राज्य टिकणार नाही, हे जाणून त्यांनी गुप्तपणे बोलणी आरंभिली. पलटणींना आणि पठाण सरदारांना याचा सुगावा लागला. २० डिसेंबर रोजी खेळत असलेल्या बाल मल्हाररावास तंबूबाहेर नेऊन ताब्यात घेण्यात आले. गणपतराव घोड्यावर बसून निसटू पाहत होते. तेही पकडले गेले. तुळसाबाईंना नदीवर नेऊन त्यांचा शिरच्छेद करण्यात आला आणि देह क्षिप्रेत टाकण्यात आला. त्यांच्या वयाला तीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सर थॉमस हिस्लॉप यांच्या फौजेपुढे होळकरांची सेना मोडली. यशवंतरावांची कन्या भीमाबाई त्या रणात घोड्यावरून लढली, असे परंपरा सांगते. तिचा गौरव यथार्थच आहे. परंतु ज्या तहाचा विचार केल्याबद्दल तुळसाबाईंचा प्राण घेतला गेला, तो तह अवघ्या सतरा दिवसांनी, ६ जानेवारी १८१८ रोजी, मंदसोर येथे तात्या जोगांना करावाच लागला. त्यात सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, राजपूत संस्थानांवरील हक्क गेले. त्यानंतरच इंदूर राजधानी झाले आणि आपल्या या नगरीचा भाग्योदय झाला.

इंदुरात खान नदीच्या काठी कृष्णाबाईंच्या नावाने कृष्णपुऱ्याच्या छत्र्या उभ्या आहेत. त्या छत्र्यांखालून वाहणारे पाणी सांवेरवरून जाते, उज्जैनजवळ क्षिप्रेस मिळते आणि पुढे महिदपुरास पोहोचते. मल्हाररावाच्या एका आईचे स्मारक त्या प्रवाहाच्या वरच्या अंगाला आहे. दुसऱ्या आईचा अंत खालच्या अंगाला झाला. होळकरशाहीचा इतिहास वाचताना पहिल्या स्थळी आपण आदराने थांबतो. दुसऱ्या स्थळीही, दोषांचा विसर न पडू देता, क्षणभर थांबणे हे आपले कर्तव्य आहे.