सिंहाची गोष्ट कोणाची? ओसामु तेझुका यांचे जीवन

ऊस म्हटला की आपल्या बेटावरील प्रत्येक मराठी घराला आपल्या पूर्वजांची आठवण होते. अमेरिकेतही टेक्सस राज्यात शुगर लँड नावाचे एक शहर आहे. उसाचे मळे व साखर कारखाना यांवर ते वाढले. तो कारखाना २००३ साली बंद पडला. आज तेथे पुष्कळ भारतीय कुटुंबे राहतात. सुट्टीत मी तेथे एका नातेवाईकांकडे गेलो असता मुले ‘द लायन किंग’ हा चित्रपट पाहत बसली होती. थोरल्या मुलाने विचारले की काका, ही गोष्ट जपानमधून चोरली आहे म्हणतात, ते खरे का? निबंधाच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षकाला हा प्रश्न टाळता येत नाही. म्हणून मी त्याला ओसामु तेझुका यांची हकीकत सांगितली.

तेझुका यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाकाजवळील टोयोनाका येथे झाला. बालपण ताकाराझुका गावी गेले. लहानपणापासून त्यांना चित्रांचा व कीटकांचा नाद होता. युद्धाच्या काळात त्यांना कारखान्यात काम करावे लागले व ओसाकावरील बाँबवर्षाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पुढे ते वैद्यकशास्त्र शिकले, डॉक्टरही झाले; परंतु मन चित्रांतच रमले.

डिस्ने यांच्या चित्रपटांवर त्यांचे फार प्रेम होते. ‘बॅम्बी’ त्यांनी पुनःपुन्हा पाहिला व १९५२ साली तीच कथा जपानी चित्रकथेच्या रूपात काढली. हे ऋण त्यांनी कधी लपविले नाही. १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात वॉल्ट डिस्ने यांची त्यांच्याशी भेटही झाली.

त्याआधीच, १९५० साली, त्यांनी लिओ नावाच्या पांढऱ्या सिंहाच्या छाव्याची चित्रकथा सुरू केली होती. शिकारी त्याच्या पित्याला मारतात, छावा जहाजावर जन्मतो, समुद्र पोहून आफ्रिकेस परततो व प्राण्यांचे राज्य उभारू पाहतो. १९६५ साली ती जपानी दूरदर्शनवर रंगीत मालिका म्हणून आली. अमेरिकेत १९६६ साली ती दाखविली गेली, तेव्हा लिओचे नाव किंबा झाले.

९ फेब्रुवारी १९८९ रोजी तेझुका वारले. पाच वर्षांनी, १९९४ साली, ‘द लायन किंग’ आला. त्यातही पिता गमावलेला छावा, शहाणे माकड, सल्लागार पक्षी, तरस, आणि डोळ्याला इजा झालेला दुष्ट सिंह! जपानमधील शेकडो चित्रकारांनी व चाहत्यांनी चित्रकार माचिको सातोनाका यांच्या पुढाकाराने डिस्ने कंपनीला पत्र पाठविले. निदान तेझुकांचे ऋण मान्य करा, एवढीच त्यांची मागणी होती. आम्ही त्या मालिकेवरून काही घेतले नाही, असे कंपनीचे उत्तर होते. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चा प्रभाव मात्र निर्मात्यांनी मान्य केला. शिवाय सिंबा हा आपल्या शेजारच्या पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत सिंहासाठीचा साधा शब्द आहे. कथाही पूर्णपणे सारख्या नाहीत. लायन किंगमध्ये खुनी सख्खा काका आहे, माणूस कोठेच नाही. लिओच्या गोष्टीत माणूस व प्राणी यांचे नाते हाच गाभा आहे. तेझुकांच्या संस्थेने खटला भरला नाही. त्यामुळे न्यायालयात काही सिद्ध झाले नाही.

मी मुलाला सांगितले की साम्य दिसले म्हणजे चोरी ठरत नाही, आणि चोरी सिद्ध झाली नाही म्हणजे प्रश्नही मिटत नाही. दुसऱ्याच्या दिव्यावरून आपला दिवा लावावा, त्यात पाप नाही. पण तो कोणाच्या घरून पेटविला ते सांगावे. तेझुकांनी ‘बॅम्बी’बद्दल तेच केले. आपल्या मुलांनी चित्रपट आनंदाने पाहावा, आणि सोबत त्या जपानी डॉक्टरच्या पांढऱ्या छाव्याचीही आठवण ठेवावी.