दीड इंचाच्या भिंगातून...

नागपूरहून मुंबईकडे निघालेली गाडी वर्धा आणि पुलगाव मागे टाकून वर्धा नदी ओलांडते आणि वऱ्हाडात शिरते. धामणगाव येण्यापूर्वी तळणी नावाचे एक लहानसे स्थानक लागते. आजूबाजूला कपाशीची शेते आणि काळी माती. दूरदेशीच्या माणसाने मुद्दाम येथे उतरावे, असे येथे काही नाही. तथापि 1898 च्या जानेवारी महिन्यात इंग्लंडहून आलेल्या काही खगोलप्रेमींनी याच तळणीच्या शिवारात आपला तळ ठोकला होता. त्यांच्यात तिशीच्या उंबरठ्यावरच्या एक बाई होत्या. त्यांच्याजवळ ना विद्यापीठाची पदवी होती, ना एखाद्या वेधशाळेतील पद. होता तो एक छोटासा कॅमेरा. त्याच्या भिंगाचा व्यास अवघा दीड इंच. या बाईंचे नाव अ‍ॅनी माँडर.

अ‍ॅनी स्कॉट डिल रसेल यांचा जन्म 14 एप्रिल 1868 रोजी आयर्लंडमधील स्ट्रॅबेन या गावी झाला. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक. घरात सुबत्ता बेताचीच. पण मुलींच्या शिक्षणाला त्या घरात अडसर नव्हता. बेलफास्ट येथील शिक्षण आटोपून अ‍ॅनी 1886 साली केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात दाखल झाल्या. 1889 च्या गणिताच्या कठीण परीक्षेत त्या वर्षीच्या गर्टनच्या विद्यार्थिनींत त्यांनी पहिला क्रमांक पटकावला. मात्र केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना परीक्षेला बसू देई, पदवी देत नसे. हा नियम बदलायला 1948 साल उजाडावे लागले. तोवर अ‍ॅनी हयात नव्हत्या.

काही काळ शाळेत शिकवल्यावर 1891 साली त्या ग्रिनिचच्या शाही वेधशाळेत रुजू झाल्या. पद होते गणकाचे. म्हणजे इतरांनी घेतलेल्या वेधांची आकडेमोड करणाऱ्याचे. वेतन दरमहा 4 पौंड. शाळेत शिकवताना त्यांना वर्षाला 80 पौंड मिळत होते, हे लक्षात घेतले तर केवळ आकाशाच्या ओढीने त्यांनी केवढा तोटा पत्करला होता, याची कल्पना येते. त्यांची नेमणूक सूर्य विभागात झाली. रोज सूर्याचे छायाचित्र काचेच्या पट्टिकेवर घ्यायचे, ती धुवायची आणि तिच्यावरील डागांची जागा व क्षेत्रफळ मोजायचे, असे ते काम. इंग्लंडमधील ढगाळ दिवसांमुळे नोंदीत पडणारी खिंडारे डेहराडून आणि मॉरिशस येथून येणाऱ्या छायाचित्रांनी भरून काढली जात. भारतातील ऊन अशा रीतीने भारतात पाऊल ठेवण्यापूर्वीच अ‍ॅनी यांच्या टेबलावर पोहोचलेले होते.

या विभागाचे प्रमुख होते वॉल्टर माँडर. अ‍ॅनी यांच्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठे, विधुर आणि पाच मुलांचे वडील. 1895 च्या डिसेंबरअखेर दोघे विवाहबद्ध झाले आणि अ‍ॅनी यांना नोकरी सोडावी लागली. विवाहित स्त्रीने सरकारी सेवेत राहायचे नाही, असा तेव्हाचा दंडक होता. आदल्या दिवशीपर्यंत जे काम त्या सफाईने करीत होत्या, ते त्यांना एका विवाहामुळे वर्ज्य ठरले. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची दारे तर त्याआधीच बंद झाली होती. 1892 साली सदस्यत्वासाठी पुढे आलेले त्यांचे नाव तेथे नामंजूर झाले होते. हौशी निरीक्षकांसाठी 1890 साली स्थापन झालेल्या ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनमध्ये तेवढा स्त्रियांना मुक्त प्रवेश होता. अ‍ॅनी तेथे रमल्या आणि लवकरच संस्थेच्या नियतकालिकाच्या संपादकही झाल्या.

खगोलीय छायाचित्रणाचा तो बहराचा काळ होता. 1880 साली हेन्री ड्रेपर यांनी अमेरिकेत मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. 1888 मध्ये आयझॅक रॉबर्ट्स यांच्या पट्टिकेवर देवयानीतील तेजोमेघाचे सर्पिल वळसे उमटले. लिक वेधशाळेत बर्नार्ड यांनी तर छायाचित्रकाराच्या स्टुडिओत माणसांच्या तसबिरी काढण्यासाठी बनलेले जुने भिंग वापरून आकाशगंगेचे ढग आणि त्यांतील काळ्या पोकळ्या टिपल्या. मोठमोठ्या दुर्बिणी ज्या दृश्यासाठी अपुऱ्या पडत, ते दृश्य एका जुन्या भिंगाने दाखवावे, याचे पुष्कळांना नवल वाटले.

वस्तुतः त्यात नवल काही नाही. छायाचित्रणाला आरंभ करणारा प्रत्येक जण आजही याच प्रश्नाशी अडखळतो. दुर्बीण जितकी मोठी आणि प्रतिमा जितकी वाढवलेली, तितके चित्र चांगले, असा त्याचा समज असतो. तारा हा बिंदू असल्याने त्याच्या बाबतीत भिंगाचा व्यास वाढवण्याचा लाभ होतो, हे खरे. परंतु तेजोमेघ, आकाशगंगा किंवा धूमकेतूची शेपटी या पसरट, अंधूक गोष्टी आहेत. त्यांचा प्रकाश पट्टिकेवर किती गडद उमटेल, हे भिंगाचा व्यास आणि त्याचे नाभीय अंतर यांच्या गुणोत्तरावर ठरते. नाभीय अंतर लांब असले की प्रतिमा मोठी होते, पण तोच प्रकाश मोठ्या जागेवर पसरून फिका पडतो. आखूड नाभीय अंतराचे भिंग प्रतिमा लहान देते, पण ती उजळ असते. शिवाय आकाशाचा मोठा तुकडा एकाच पट्टिकेत मावतो.

1897 साली गर्टन कॉलेजने अ‍ॅनी यांना संशोधनासाठी फायफर शिष्यवृत्ती दिली. विषय होता आकाशगंगेची छायाचित्रीय पाहणी. त्यासाठी त्यांनी दीड इंच व्यासाचे आणि 9 इंच नाभीय अंतराचे डॉलमायर बनावटीचे भिंग निवडले. म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या अवघे सहापट. आजच्या छायाचित्रकाराच्या भाषेत सांगायचे तर 230 मिलिमीटरच्या आसपासचे, एफ 6 चे भिंग. आज असे भिंग अनेक हौशी छायाचित्रकारांच्या पिशवीत असते.

पण या कॅमेऱ्याचे नाव पुढे गाजले ते आकाशगंगेमुळे नव्हे, तर सूर्यामुळे.

22 जानेवारी 1898, शनिवार, पौष अमावास्या. त्या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकण किनाऱ्यावरून भारतभूमीवर शिरून वऱ्हाड-नागपूर भागातून ईशान्येकडे जाणार होती. त्या पट्ट्यात ठिकठिकाणी वेधांचे तळ पडले. विजयदुर्गला नॉर्मन लॉकियर होते. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते. पुलगावला न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स, तर नागपूरजवळ घोगलीला स्कॉटलंडचे राजज्योतिषी राल्फ कोपलंड. तळणीचा तळ ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचा होता. तेथे माँडर दांपत्यासोबत जॉन एव्हरशेड हेही होते. पुढे ते कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झाले. हा सगळा मुलूख नुकताच 1896-97 च्या दुष्काळातून उठत होता आणि मुंबई-पुण्याकडे प्लेगने थैमान घातले होते. अशा दिवसांत परदेशी पाहुण्यांचे हे आकाशवेड गावकऱ्यांना कसे वाटले असेल, याची कल्पनाच करावी.

अ‍ॅनी यांच्या मनावर मात्र दुसरेच सावट असणार. 1896 च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेतील वाड्सो येथे त्या याच ध्यासाने गेल्या होत्या. ऐन ग्रहणाच्या वेळी ढगांनी सूर्य झाकला आणि सारा प्रवास वाया गेला. खग्रास ग्रहणाला दुसरी संधी नसते. तळणीला खग्रास स्थिती टिकणार होती जेमतेम दोन मिनिटे. इतक्या वेळात पट्टिका बदलायच्या, झाकण उघडायचे, सेकंद मोजायचे, झाकण मिटायचे. एक पट्टिका चुकली, तर ती पुढच्या ग्रहणापर्यंत चुकलेलीच.

सूर्यबिंब झाकले गेले की त्याभोवती मोतिया रंगाचे प्रभामंडल, म्हणजेच करोना, दिसू लागते. सूर्याला लागून ते बरेच तेजस्वी असते; बाहेर जाता जाता त्याचा उजेड हजारो पटींनी घटतो. दोन्ही एका पट्टिकेवर नीट उमटवणे अशक्य. आतला भाग साधावा तर बाहेरचा उमटत नाही. बाहेरच्यासाठी झाकण जास्त वेळ उघडे ठेवावे तर आतला जळून पांढरा पडतो. कॅम्पबेल यांच्याकडे चाळीस फूट लांबीचा आणि पाच इंच भिंगाचा कॅमेरा होता. त्यात सूर्याची प्रतिमा साडेचार इंचांची येई आणि आतल्या प्रभामंडलाचा बारीकसारीक तपशील टिपता येई. अ‍ॅनी यांच्या कॅमेऱ्यात सूर्यबिंब जेमतेम दोन मिलिमीटरचे उमटे, हरभऱ्याच्या दाण्याहूनही लहान. पण त्यांना बिंबाजवळचे काही नकोच होते. आकाशगंगेच्या अंधूक उजेडासाठी निवडलेले भिंग त्यांनी प्रभामंडलाच्या अंधूक कडांकडे वळवले. भिंगाच्या गुणोत्तराचा हिशेब मांडला, तर त्या छोट्या कॅमेऱ्यात पसरट प्रकाश चाळीस फुटी कॅमेऱ्यापेक्षा अडीचशे पटींनी गडद उमटत होता.

त्या दुपारी आकाश निरभ्र राहिले. पट्टिका धुतल्यावर एकीवर सूर्यापासून निघालेला एक लांबच लांब, सरळ किरण दिसला. सूर्याच्या त्रिज्येच्या सुमारे चौदापट, म्हणजे जवळपास एक कोटी किलोमीटर दूरवर तो पोहोचला होता. प्रत्यक्ष काचेवर त्याची लांबी दीड सेंटिमीटर भरावी. तोवर प्रभामंडलाचा इतका लांब किरण कोणाच्याही छायाचित्रात आलेला नव्हता. मोठमोठ्या उपकरणांसह आलेल्या सरकारी पथकांच्या भाऊगर्दीत हा मान वऱ्हाडातील एका शेतात उभ्या असलेल्या, पगार नसलेल्या एका हौशी बाईंच्या वाट्याला आला.

या किरणाचे महत्त्व केवळ विक्रमापुरते नव्हते. सूर्यावरून एखाद्या अरुंद झोताच्या रूपात काहीतरी अवकाशात फेकले जाते का, हा प्रश्न त्यातून उभा राहत होता. सूर्य सुमारे सत्तावीस दिवसांत स्वतःभोवती फिरलेला दिसतो आणि पृथ्वीवरील चुंबकीय वादळेही पुष्कळदा तेवढ्याच अंतराने परत येतात, हे वॉल्टर यांनी पुढे 1904 च्या सुमारास आकडेवारीने दाखवले आणि असे झोत हेच वादळांचे कारण असावे, असे मांडले. सौर वाऱ्याची कल्पना युजीन पार्कर यांनी 1958 मध्ये गणिताने मांडली व मॅरिनर 2 या यानाने 1962 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. पार्कर यांच्यापूर्वी साठ वर्षे तळणीच्या काचेवर त्याची एक खूण उमटून गेली होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुढे अल्जीरिया (1900), मॉरिशस (1901) आणि कॅनडातील लॅब्राडोर (1905) येथेही अ‍ॅनी ग्रहणांसाठी गेल्या. लॅब्राडोरला पुन्हा ढगांनी दगा दिला. 1904 साली त्या दोघांनी सूर्याच्या डागांचा तो प्रसिद्ध आलेख सिद्ध केला. वर्षे आडवी आणि सौर अक्षांश उभे मांडले की डागांच्या नोंदींतून पंख पसरलेली फुलपाखरे दिसू लागतात. एकाने आकडे वाचायचे, दुसऱ्याने रेघा ओढायच्या, अशा रीतीने एका आठवड्याच्या संध्याकाळी घरी बसून तो तयार झाला. आलेख आज अमेरिकेत बोल्डर येथे जपून ठेवलेला आहे. 1908 साली आलेले त्यांचे खगोलविषयक पुस्तक दोघांच्या नावे असले, तरी ते जवळपास सर्वस्वी पत्नीचे काम आहे, अशी कबुली वॉल्टर यांनी प्रस्तावनेतच देऊन टाकली. एवढा मोकळेपणा त्या काळच्या विद्वान पतींमध्ये विरळाच.

पहिल्या महायुद्धात पुरुष कर्मचारी रणांगणावर गेल्यावर ग्रिनिचला अ‍ॅनी यांची आठवण झाली. 1915 ते 1920 त्यांनी तेथे विनावेतन काम केले. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने 1916 मध्ये स्त्रियांना प्रवेश खुला केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या तिच्या सदस्य झाल्या. पहिल्या नकारानंतर चोवीस वर्षे लोटली होती. त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या झाल्या होत्या. 1928 साली वॉल्टर निवर्तले. अ‍ॅनी त्यानंतर एकोणीस वर्षे जगल्या आणि 15 सप्टेंबर 1947 रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

चंद्रावरील एका विवराला या पतिपत्नींचे नाव आहे. ग्रिनिचला 2018 मध्ये छायाचित्रणासाठी नवी दुर्बीण बसवण्यात आली, ती एकट्या अ‍ॅनी यांच्या नावाने. इकडे नागपूरच्या उत्तरेला असलेल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. हिवाळ्याच्या अमावास्येला एफ 6 चे साधे भिंग तिवईवर चढवून तेथे कॅमेरा मृग नक्षत्राकडे वळवला, तर तलवारीतील तेजोमेघ काही सेकंदांत पडद्यावर उमटतो. तळणीचे स्थानक तेथून काही तासांच्याच अंतरावर आहे.