भावकीचा बांध आणि क्रांतिसिंहांचे न्यायासन

कृष्णाकाठच्या कोणत्याही तालुक्यातील दिवाणी दाव्यांची यादी चाळली, तर वादी आणि प्रतिवादी यांचे आडनाव पुष्कळदा एकच आढळते. बांध हातभर सरकला, सामाईक विहिरीची पाळी चुकली, वाटणीत आंब्याचे एक झाड कमी पडले, एवढ्यावरून चुलतभावांची घरे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना पाण्यात पाहतात. अडीअडचणीला धावून येणारी भावकीच बांधावर कोयता घेऊन उभी राहते. दाव्याचा खर्च सावकाराच्या दारातून येतो आणि ज्या जमिनीसाठी भांडण, तीच अखेर गहाण पडते. अशा समाजातून राष्ट्र कसे उभे राहावे, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अभ्यासकालाही टाळता येत नाही. त्याचे एक उत्तर सातारा जिल्ह्याने १९४३ ते १९४६ या काळात दिले आणि त्या उत्तराला क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव जोडले गेले. कुंडलच्या परिसरात आजही ते नाव घरच्या वडीलधाऱ्याचे घ्यावे तसे घेतले जाते.

नाना रामचंद्र पिसाळ यांचा जन्म १९०० सालचा. वाळवे तालुक्यातील येडेमच्छिंद्र हे त्यांचे गाव. घराण्याकडे पाटीलकी असल्यामुळे पिसाळ हे आडनाव मागे पडले व पाटील हेच रूढ झाले. जुजबी शिक्षणानंतर त्यांनी तलाठ्याची नोकरी धरली. या नोकरीचे महत्त्व त्यांच्या चरित्रकारांनी फारसे मानले नसले, तरी आमच्या मते ते मोठे आहे. सातबाऱ्यावरील नोंद, वारसाची फेरफार, गहाणखताची मुदत आणि सारावसुलीची तारीख ज्याला ठाऊक, त्याला गावातील प्रत्येक भांडणाचे मूळ ठाऊक असते. सत्यशोधक चळवळीच्या संस्काराने या माहितीला दृष्टी दिली. १९३० च्या कायदेभंगात त्यांनी नोकरी सोडली आणि पुढील बारा वर्षे तुरुंगाच्या वाऱ्या करीत गावोगाव सभा घेतल्या. त्यांची भाषा शेतकऱ्याच्या औतफाट्याची होती. स्वराज्याची व्याख्या करण्याऐवजी सावकार, लग्नखर्च, दारू आणि कज्जेदलाली यांवर ते बोलत. श्रोत्यांना त्यातूनच स्वराज्याचा अर्थ उमगे.

१९४२ च्या सप्टेंबरात सातारा जिल्ह्यात तालुका कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. तासगावचा मोर्चा शांततेने पार पडला. वडूज येथे मात्र गोळीबार होऊन नऊजण हुतात्मा झाले आणि दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात दोघे पडले. त्यांपैकी एक, उमाशंकर पंड्या, हे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातील अभियंते होते. या गोळीबारांनंतर कार्यकर्त्यांनी भूमिगत होण्याचा मार्ग पत्करला. सरकारी अंमल ढिला पडताच दरोडेखोरांच्या टोळ्यांनी उचल खाल्ली आणि चळवळीच्या नावाखाली लूटमार सुरू झाली. प्रतिसरकारचा उगम या पेचप्रसंगात आहे. लोकांचे रक्षण करू न शकणाऱ्या चळवळीला लोकांनी भाकर का द्यावी, हा प्रश्न नानांपुढे व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांपुढे उभा राहिला. दरोडेखोरांचा बंदोबस्त हे साहजिकच पहिले काम ठरले आणि त्यापाठोपाठ न्यायनिवाड्याचे काम अंगावर आले.

या कामात कुंडलला मोक्याचे स्थान लाभले. हे गाव त्या काळी औंध संस्थानात होते. संस्थानाचे मुलूख ब्रिटिश हद्दीत तुटक तुटक विखुरलेले असल्यामुळे पोलिसांना हद्दीची अडचण येई. दुसरे कारण अधिक खोल आहे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने संस्थानाला स्वराज्याची घटना दिली होती आणि बहात्तर गावांचा कारभार पंचायतींकडे सोपविला होता. आपले तंटे आपल्याच गावात मिटविता येतात, याचा अनुभव या भागाच्या गाठीशी होता. जी. डी. बापू लाड, कॅप्टन रामभाऊ लाड आदी तरुणांनी कुंडल येथे तुफान सेना उभी केली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी या मंडळींनी लुटली. अशा पराक्रमांच्या कथा सर्वांना ठाऊक आहेत. न्यायदान मंडळांचे काम मात्र त्या मानाने झाकोळलेलेच राहिले.

सुमारे दीडशे गावांत प्रतिसरकारचा अंमल चालला. गावातील पंच बसत, दोन्ही बाजू सर्वांसमक्ष ऐकत आणि बहुधा तेथेच निकाल देत. बांधाचे वाद, गहाण जमिनी, बुडविलेले कर्ज, टाकलेल्या बायकांचे प्रश्न हे सारे त्यांच्यापुढे येई. वकील नाही, मुद्रांक नाही, तारखांचा फेरा नाही. तंट्याचा खर्चच नाहीसा झाल्यावर तंटा लांबविण्यात कोणाचा फायदा उरेना. भावकीतील वैर पोसणारी दुसरी गोष्ट म्हणजे लग्न. मानपान, पंगती, रुसवेफुगवे आणि त्यापायी काढलेले कर्ज यांतून गावात तट पडत. नानांनी गांधी पद्धतीच्या लग्नांचा प्रसार केला. हारांची अदलाबदल, चार शब्दांचा उपदेश आणि मोजक्या खर्चात समारंभ पूर्ण. बापू लाडांचे लग्नही असेच झाले. जेथे पंगतच नाही तेथे पंगतीचा मान कोणाचा, हा वाद कसा उद्भवणार? भावकी सोडा, असा उपदेश नानांनी केला असता तर तो वाऱ्यावर गेला असता. भावकी ज्या खर्चांवर आणि ज्या अपमानांवर पोसली जात होती, त्यांनाच त्यांनी हात घातला.

या व्यवस्थेची काळी बाजू झाकून ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही. गुन्हेगारांच्या आणि खबऱ्यांच्या तळपायांवर काठ्या मारण्याची शिक्षा दिली जाई. त्यातूनच पायाला पत्रे ठोकतात अशी वदंता पसरली आणि पत्री सरकार हे नाव रूढ झाले. काहींना प्राणासही मुकावे लागले. ज्या निवाड्यावर अपील नाही, तो चुकला तर दाद कोठे मागायची, हा आक्षेप रास्तच आहे. तरीही लोकांनी ही सत्ता मानली, कारण तिच्या शिरोभागी असलेल्या माणसाने स्वतःसाठी काही घेतले नव्हते. सरकारने नानांचे घर व जमीन जप्त केली होती आणि चव्वेचाळीस महिने ते परक्यांच्या दारी भाकर खात फिरत होते. ज्याचा स्वतःचाच बांध उरला नाही, त्याच्या नावाने दिलेला निवाडा पक्षपाती म्हणणे कोणालाही कठीण जाई.

१९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि नाना उघड्यावर आले. पुढे दोनच वर्षांत, गांधीजींच्या हत्येनंतर, याच जिल्ह्यात ब्राह्मणांची घरे जळाली. ज्या मुलखाने भावकीच्या वर उठून दाखविले होते, त्यालाच जातीचा वणवा आवरता आला नाही. भावकीचा बांध ओलांडणे एक आणि जातीचा ओलांडणे दुसरे, हा धडा कटू आहे. प्रतिसरकारच्या गौरवपर लेखनात तो सहसा येत नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदवितो.

स्वातंत्र्यानंतर नाना शेतकरी कामगार पक्षात व नंतर कम्युनिस्ट पक्षात गेले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरले आणि १९५७ मध्ये साताऱ्यातून, १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर निवडून आले. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.

हा प्रश्न केवळ कृष्णाकाठचा नाही. एक भाषा, एक धर्म असूनही कुळांच्या वैरात होरपळलेला सोमालिया हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९६९ मध्ये सत्ता बळकाविणाऱ्या सियाद बारे यांनी कुळाचा उच्चार करण्यावरही बंदी आणली आणि स्वतः मात्र आपल्या सोयऱ्यांच्या आधारावर राज्य केले. १९९१ मध्ये ते कोसळले तेव्हा राज्यसंस्थाच नाहीशी झाली. याउलट उत्तरेकडील सोमालीलँडमध्ये १९९३ साली बोरामा येथे कुळांचे वडीलधारे कित्येक महिने एकत्र बसले, रक्ताचे आणि गुराढोरांचे हिशेब मिटविले आणि वृद्धांच्या सभेला कायदेमंडळात स्थान दिले. हुकमाने जे साधले नाही, ते धीराच्या निवाड्याने बऱ्याच अंशी साधले. राज्य उभारण्याआधी तंटा मिटविणारा विश्वासाचा पंच उभा राहावा लागतो, ही गोष्ट कुंडल आणि बोरामा या दोन्ही ठिकाणी सारखीच दिसते.

आपल्या राज्य शासनाने २००७ मध्ये महात्मा गांधींच्या नावाने तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली आणि यशस्वी गावांना बक्षिसे दिली. हेतू उत्तम होता. परंतु बक्षिसासाठी मिटलेला तंटा आणि पंचांवरील विश्वासाने मिटलेला तंटा यांत अंतर आहे. ज्या समितीवर गावातील एकाच गटाची माणसे बसतात, तिच्यापुढे दुसरा गट मनापासून येत नाही. नाना पाटलांचे पुतळे आपण पुष्कळ उभारले. त्यांची जयंती साजरी करताना गावच्या पंचांनी एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा: आपल्या निवाड्यातून आपल्या पदरात काय पडते? त्याचे प्रामाणिक उत्तर काहीही नाही असे येईल, त्या दिवशी पंचांच्या शब्दाखातर चुलतभाऊ बांधावरचा कोयता खाली ठेवतील.