उत्तरायुष्याला अर्थ देणाऱ्या रमाबाई रानडे

मल्लेश्वरमातील मराठी पाऊलखुणा पाहुण्यांना दाखवायच्या झाल्या, की आम्ही त्यांना प्रथम काडु मल्लेश्वराच्या देवळात नेतो. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात हे देऊळ उभारले, हे सांगताना आमचा ऊर भरून येतो. तेथून जवळच, चौदाव्या क्रॉसला, सेवासदन आहे. तेथील सभागृहात गाण्याच्या वा नृत्याच्या कार्यक्रमाला आपण सारेच कधी ना कधी गेलो असू. त्या दारावरचे नाव मात्र आम्ही सहसा थांबून वाचत नाही. वाचले, तर मराठी माणसाला पुण्याच्या सेवासदनाची आणि ते नावारूपाला आणणाऱ्या रमाबाई रानडे यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षात रमाबाईंचे स्मरण करण्यास आणखीही एक कारण आहे. मुलगा वा मुलगी बंगळूरला स्थिरावली म्हणून आपले गाव, आपला वाडा, आपली चाळ सोडून उतारवयात येथे आलेली कितीतरी माणसे आपल्यात आहेत. मुलगा व सून सकाळीच कामावर जातात, नातवंडे शाळेत जातात. शेजारची भाषा कानाला ओळखीची होते, पण जिभेवर बसत नाही. कित्येकांचा जोडीदारही मागे राहिलेला नसतो. या मंडळींना अन्नवस्त्राची ददात नाही. आपली कुणाला गरज आहे, या जाणिवेची ददात मात्र आहे. ती कशी भरून निघावी, याचे उत्तर शोधताना आम्हांस रमाबाईंच्या चरित्राचा उत्तरार्ध फार मोलाचा वाटतो.

पूर्वार्ध बहुतेकांना ठाऊक आहे. २०१२ साली 'उंच माझा झोका' या दूरचित्रवाणी मालिकेने तो घरोघरी पोचविला. २५ जानेवारी १८६२ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी, कुर्लेकरांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव यमुना. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह माधवराव रानडे यांच्याशी झाला. माधवराव तेव्हा एकतीस वर्षांचे विधुर होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या सुधारकाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अल्पवयीन मुलीशी लग्न केले, यावरून त्यांच्यावर झालेली टीका अवाजवी म्हणता येणार नाही. पत्नीला अक्षरओळखही नाही हे पाहून त्यांनी स्वतःच तिला शिकविण्यास आरंभ केला.

हे शिक्षण सुखाचे नव्हते. घरातील वडीलधाऱ्या बायकांना सुनेने पुस्तक हाती धरणे रुचत नसे. टोमणे, अबोला, सोवळ्या-ओवळ्याचे प्रश्न, सारे काही रमाबाईंनी सोसले. उलट उत्तर न देता आणि अभ्यास न सोडता त्या इंग्रजीपर्यंत पोचल्या. १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला, तेव्हा त्या सभांना या जाऊ लागल्या. १८८४ मध्ये हुजूरपागेत मुलींचे हायस्कूल निघाले, त्यासाठी झालेल्या खटपटीतही त्यांचा सहभाग होता. १८९३ साली माधवराव मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईस आले. मोठ्या पदावरील पतीची सुविद्य पत्नी, एवढीच त्यांची ओळख तोवर जगाला होती.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती निवर्तले. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या आणि पोटी अपत्य नव्हते. अकराव्या वर्षापासून ज्या एका माणसाभोवती त्यांचा दिवस फिरत होता, तो माणूसच राहिला नव्हता. मुंबई सोडून त्या पुण्याच्या जुन्या घरी आल्या आणि जवळजवळ वर्षभर त्यांनी स्वतःला जगापासून दूर ठेवले. १९१० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक पतीच्या निधनापाशीच थांबते. जणू सांगण्याजोगे आयुष्य तेथेच संपले! पण त्यांची खरी कामगिरी त्यानंतरच्या तेवीस वर्षांतली आहे, आणि तिच्याविषयी त्यांनी स्वतः आत्मचरित्र लिहिले नाही.

एकान्तातून त्या बाहेर आल्या, त्या व्यासपीठावर बसण्यासाठी नव्हे. पुण्याच्या मध्यवर्ती तुरुंगातील स्त्रियांच्या विभागात त्या नेमाने जाऊ लागल्या. सुधारगृहातील मुलांसाठी सणासुदीला खाऊ घेऊन त्या जात. रुग्णालयातील रोग्यांना फळे, फुले, पुस्तके नेऊन देत. या भेटींमध्ये मोठे तत्त्वज्ञान नव्हते. ठरलेल्या वारी आपली कुणीतरी वाट पाहत आहे, एवढेच त्यांत होते. परंतु शोकात बुडालेल्या माणसाला अंथरुणातून उठविण्यास एवढे पुष्कळ असते. १९०४ मध्ये मुंबईत भारत महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्याची धुरा त्यांनी वाहिली. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढण्याचे ठरविले, तेव्हा ते रमाबाईंकडेच आले.

१९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन सुरू झाले, ते रानड्यांच्याच वाड्यात. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कार्यातील त्यांचे मुख्य सहकारी होते. रमाबाईंची कार्यपद्धती येथे नीट पाहण्यासारखी आहे. मुलींच्या शाळा पुण्यात होत्या. प्रश्न होता तो शाळेचे वय उलटून गेलेल्या स्त्रियांचा. बालविधवा म्हणून माहेरी परतलेली, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आयुष्य काढणारी पंचवीस-तीस वर्षांची बाई लहान मुलींच्या रांगेत बसणार कशी? तिची लाज हीच तिच्या वाटेतली मोठी धोंड होती. म्हणून प्रौढ स्त्रियांसाठी वेगळे वर्ग निघाले, तेही घरकाम आटोपल्यावर दुपारच्या वेळी. शिवण, गायन, प्रथमोपचार हे विषय जोडले गेले. चार बायकांसमोर अक्षर गिरवताना होणारी कुचंबणा रमाबाईंनी स्वतः भोगली होती. त्या अनुभवातूनच ही सोय त्यांना सुचली असावी, असे आम्हांस वाटते.

पुढची पायरी अधिक धाडसाची होती. स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण देण्याची व्यवस्था सेवासदनाने केली. परजातीच्या रोग्याची शुश्रूषा करणे, रात्रपाळीला राहणे, पुरुष डॉक्टरांबरोबर वावरणे, या गोष्टी उच्चवर्णीय घरांना त्या काळी असह्य होत्या. टीका पुष्कळ झाली. तथापि जिच्या सावलीलाही शुभकार्यात मज्जाव होता, त्याच विधवेच्या हाताची रुग्णालयात वाट पाहिली जाऊ लागली. शिक्षिका तयार करणारे अध्यापिका विद्यालय निघाले, वसतिगृहे निघाली. १९१५ साली संस्थेची स्वतंत्र नोंदणी झाली. आषाढी-कार्तिकीच्या यात्रेत स्वयंसेविकांना घेऊन रमाबाई आळंदीस जात. १९२० च्या सुमारास पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न निघाला, तेव्हा मुलींना त्यातून वगळू नये यासाठी त्यांनी स्त्रियांना संघटित केले. स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा या चळवळीतही त्या १९२१-२२ मध्ये अग्रभागी होत्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६२ मध्ये, भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले.

रमाबाईंनी मानसशास्त्राचा अभ्यास केलेला नव्हता. परंतु त्या ज्या वाटेने गेल्या, त्याच वाटेचे शास्त्र पुढे दूर युरोपात एका मनोवैद्याने मांडले. व्हिएन्नाचे डॉ. व्हिक्टर फ्रँकल (१९०५-१९९७) यांनी १९३० नंतरच्या मंदीच्या काळात बेकार तरुणांची विषण्णता जवळून पाहिली. काम नाही म्हणजे आपण निरुपयोगी, आणि निरुपयोगी म्हणजे आपले जगणे निरर्थक, अशी गाठ या तरुणांच्या मनात बसलेली असे. फ्रँकल यांनी त्यांना ग्रंथालयात किंवा युवकसंघटनेत बिनपगारी काम घेण्यास प्रवृत्त केले. खिसा रिकामाच राहिला, पोटातली भूकही तशीच राहिली, पण विषण्णता ओसरली. पुढे १९४२ ते १९४५ या काळात नाझी छळछावण्यांत त्यांनी स्वतः नरकयातना भोगल्या. आई, वडील, भाऊ आणि पत्नी यांना ते मुकले. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी तो अनुभव सांगितला. जीवनाला अर्थ तीन वाटांनी लाभतो, असे त्यांचे प्रतिपादन होते : हातून घडणारे कार्य, कुणावर केलेले प्रेम, आणि टाळता न येणारे दुःख सोसताना आपण घेतलेली भूमिका. आयुष्याने आपल्याला काय दिले हे विचारण्यापेक्षा, आयुष्य आपल्याकडे काय मागत आहे हे ओळखावे, असा त्यांच्या उपचाराचा रोख होता.

रमाबाईंच्या चरित्रात या तिन्ही वाटा दिसतात. पतीवरील प्रेम त्यांनी टाकून दिले नाही. त्यांची धर्मपर व्याख्याने त्यांनी प्रसिद्ध केली आणि ते कार्य पुढे नेले. वैधव्य टाळता येण्यासारखे नव्हते, पण त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी त्यांच्या हाती होती. आणि काम तर त्यांनी उभेच केले. येथे एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. दुःख झाल्याबरोबर कामाला लागा, असा या चरित्राचा अर्थ करू नये. त्यांनी एक वर्ष स्वतःला दिले होते. शोकाला त्याचा वेळ द्यावाच लागतो. प्रश्न त्या वर्षानंतरचा असतो.

हे लिहिताना आम्हांस मंडळाविषयीही थोडे बोलले पाहिजे. पन्नास वर्षांत आम्ही ज्येष्ठांचे सत्कार पुष्कळ केले. शाल दिली, श्रीफळ दिले, गणेशोत्सवात पहिल्या रांगेतल्या खुर्च्या त्यांच्यासाठी राखून ठेवल्या. यात आदर होता, यात शंका नाही. परंतु खुर्ची राखून ठेवणे म्हणजे त्या माणसाला कामातून मोकळे करणे, हे आमच्या ध्यानी उशिरा आले. निवृत्त शिक्षिका प्रेक्षकांत बसल्या होत्या, आणि आमची मुले मराठी वाचायला शिकल्यावाचून मोठी होत होती. चाळीस वर्षे हिशेब सांभाळलेले गृहस्थ घरी वर्तमानपत्र तिसऱ्यांदा वाचत होते, आणि आमच्या ग्रंथालयाची नोंदवही अर्धवट पडून होती. रुग्णालयात एकट्या पडलेल्या मराठी रोग्यापाशी तासभर बसून त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारे कुणी हवे होते, आणि तसे बोलू शकणाऱ्या आजीबाई चौथ्या मजल्यावर खिडकीत बसून होत्या.

म्हणून या सुवर्णमहोत्सवाच्या सांगता समारंभात, सत्काराच्या यादीबरोबर दुसरी एक यादी टेबलावर ठेवावी, अशी आमची सूचना आहे. तिच्या एका बाजूस ज्येष्ठांनी आपल्याला काय येते ते लिहावे, दुसऱ्या बाजूस कुटुंबांनी आपल्याला काय हवे ते लिहावे, आणि पुढच्या आठवड्याचे वार तेथेच ठरवावेत. रमाबाईंनी तुरुंगाच्या दारी जाण्याचा वार असाच ठरविला होता. पुढचे सेवासदन त्यानंतर झाले.