समुद्र कोणाच्या मालकीचा? : ह्यूगो ग्रोशियस
बी. कॉम. तृतीय वर्ष, मराठी विभाग

गेल्या वर्षी आमच्या वर्गात १८७२ चा भारतीय करार कायदा शिकवला जात होता. प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल आणि शेवटी करारभंगाची नुकसानभरपाई. शाळेत सगळे विषय मराठीतून शिकलेला मी इंग्रजी व्याख्या पाठ करून टेकीला आलो होतो. तास संपता संपता मी सरांना विचारले, की दोन व्यापाऱ्यांतला करार मोडला तर कोर्ट आहे, पण दोन देशांतला करार मोडला तर कोणाकडे जायचे? वर्गात हशा पिकला. सरांनी मात्र ते हसण्यावारी नेले नाही. त्यांनी फळ्यावर एक नाव लिहिले आणि ग्रंथालयात जाऊन शोध म्हणून सांगितले. ते नाव होते ह्यूगो ग्रोशियस.

हा प्रश्न मी उगाच विचारला नव्हता. आमचे मिरचीचे अडत दुकान आहे. त्याच हंगामात एका व्यापाऱ्याने तोंडी ठरलेला माल भाव चढताच दुसरीकडे घातला. कागद नव्हता, त्यामुळे बाबा गप्प बसले. शब्द मोडणाऱ्याचे नाव पेठेत लक्षात राहते, एवढेच ते म्हणाले. मला ते मुळीच पटले नाही. ज्याच्यापाशी कागद नाही आणि दंडुकाही नाही, त्याने नुसते लक्षात ठेवून काय साधते, असे मला वाटले. या रागातच मी ग्रोशियसचे चरित्र वाचायला घेतले.

ग्रोशियसचा जन्म १० एप्रिल १५८३ रोजी हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी झाला. घराणे सुशिक्षित, वडील गावचे नगरप्रमुख. मुलगा असा तल्लख, की वयाच्या अकराव्या वर्षी तो लायडनच्या विद्यापीठात दाखल झाला. पंधराव्या वर्षी तो हॉलंडचे थोर मुत्सद्दी योहान ओल्डनबार्नेव्हेल्ट यांच्या शिष्टमंडळाबरोबर फ्रान्सला गेला. तिथे चौथ्या हेन्री राजाने त्याच्या बुद्धीचे कौतुक केले. त्याच दौऱ्यात त्याने ओर्लेआँ विद्यापीठाची कायद्याची डॉक्टरेट मिळवली आणि परत येऊन हेग येथे वकिली सुरू केली. ज्या वयात आपण अकरावीच्या प्रवेशासाठी रांगेत उभे असतो, त्या वयात हा गृहस्थ न्यायालयात उभा होता.

पुढची हकीकत आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना जवळची वाटावी अशी आहे. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. संयुक्त भांडवली कंपनीच्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक. तिचे भागभांडवल सुमारे ६४ लाख गिल्डर होते. फेब्रुवारी १६०३ मध्ये याकोब व्हान हेमस्कर्क या डच कप्तानाने सिंगापूरजवळ सांता कातारीना नावाचे पोर्तुगीज गलबत पकडले. ते माकावहून मलाक्काकडे निघाले होते आणि चिनी रेशीम व चिनीमातीच्या भांड्यांनी खच्चून भरले होते. हा माल अॅमस्टरडॅममध्ये लिलावाने विकला तेव्हा ३० लाख गिल्डरांहून अधिक रक्कम आली. म्हणजे कंपनीच्या भांडवलाच्या जवळजवळ निम्मी रक्कम एका जहाजातून निघाली!

न्यायालयाने ही लूट कायदेशीर ठरवली. पण काही भागधारकांचे मन खाऊ लागले. मसाल्याच्या व्यापारात पैसे गुंतवले होते, चाचेगिरीत नव्हे, अशी त्यांची तक्रार होती. तेव्हा कंपनीने आपली बाजू मांडण्यासाठी एका तरुण वकिलाला गाठले. ग्रोशियस तेव्हा २१ वर्षांचा होता, माझ्यापेक्षा अवघ्या एका वर्षाने मोठा.

इथे आपल्या गोव्याचा संबंध येतो. आमची सहल जुन्या गोव्याला गेली होती, तेव्हा मांडवीच्या काठावर व्हाइसरॉयची कमान पाहिली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती वास्को द गामाच्या स्मरणार्थ उभारली गेली. त्या काळी अरबी समुद्रात तारू हाकायचे तर पोर्तुगीजांचा कार्ताझ नावाचा परवाना घ्यावा लागे. त्यासाठी पैसे मोजायचे आणि त्यांच्या बंदरात जकात भरायची. परवाना नसेल तर मालासकट जहाज जप्त! हज यात्रेकरूंची मोगल जहाजेही यातून सुटत नसत. आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांनी आपल्याच समुद्रात फिरण्यासाठी परक्याचा कागद बाळगायचा, असा हा न्याय होता. पोर्तुगीजांचा आधार कोणता? तर पोपने दिलेले दान, १४९४ चा तोर्देसिल्यासचा तह, आणि हा जलमार्ग प्रथम आम्ही शोधला हा दावा.

ग्रोशियसने या तिन्ही आधारांचा समाचार घेतला. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा. हिंदुस्थान, सिंहल, जावा हे देश कोणाला हरवलेले सापडले नव्हते. तिथे आधीपासून राजे होते, कायदे होते, धर्म होता. लोक ख्रिस्ती नाहीत एवढ्यावरून त्यांचे राज्य वा मालमत्ता हिरावता येत नाही. पोपपाशी जे नव्हतेच ते तो दान कसे करणार? आणि समुद्र हा हवेसारखा आहे. त्याला कुंपण घालता येत नाही, आणि एकाने वापरला म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही. म्हणून तो कोणाच्याच मालकीचा नाही. या मोठ्या हस्तलिखितातले एकच प्रकरण १६०९ मध्ये लेखकाच्या नावाशिवाय छापले गेले. मुक्त समुद्र अशा अर्थाचे त्याचे लॅटिन नाव आहे. उरलेले बाड १८६४ पर्यंत कोणाच्या नजरेस पडले नाही.

हे वाचून मी हरखून गेलो. युरोपातला एक तरुण चारशे वर्षांपूर्वी आपल्या राजांचा हक्क मान्य करतो, याचे मला अप्रूप वाटले. पण पुढची पाने वाचली आणि तो आनंद टिकला नाही. १६१३ साली ग्रोशियस कंपनीच्या कामासाठी लंडनला वाटाघाटींस गेला. मसाल्याच्या बेटांवर इंग्रजांनाही व्यापार हवा होता आणि डच त्यांना शिरकाव करू देत नव्हते. इंग्रजांनी मुक्त समुद्राचा तोच ग्रंथ पुढे केला. तेव्हा ग्रोशियसने बाजू बदलली. बेटांवरच्या लोकांनी फक्त डचांनाच माल विकण्याचे करार केले आहेत आणि करार पाळलेच पाहिजेत, असे तो सांगू लागला. हे करार तोफांच्या धाकाखाली झाले होते याविषयी त्याने फारसे मनाला लावून घेतलेले दिसत नाही. १६२१ साली कंपनीच्या माणसांनी जायफळासाठी बांदा बेटांवर भयंकर कत्तल केली. तिथले बहुतेक रहिवासी मारले गेले, उपासमारीने मेले किंवा गुलाम झाले. त्यात ग्रोशियसचा हात नव्हता. पण त्याने ज्या कंपनीचे वकीलपत्र घेतले होते, तीच ही कंपनी.

आणि त्याच वर्षी ग्रोशियस स्वतः किल्ल्यात कैदी होता. हॉलंडमध्ये धर्ममतांवरून दोन तट पडले होते. त्यातच ओल्डनबार्नेव्हेल्ट आणि सेनापती प्रिन्स मॉरिस यांच्यात सत्तेची चुरस होती. ग्रोशियस तेव्हा रॉटरडॅमचा मोठा अधिकारी होता. त्याने ओल्डनबार्नेव्हेल्ट यांची बाजू घेतली. ऑगस्ट १६१८ मध्ये दोघांना अटक झाली. मे १६१९ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या त्या मुत्सद्द्याचा शिरच्छेद झाला, आणि ग्रोशियसला जन्मठेप देऊन लोव्हेस्टाइनच्या किल्ल्यात ठेवले गेले.

त्याची पत्नी मारिया हिला त्याच्याबरोबर राहण्याची परवानगी होती. मित्रांकडून एका मोठ्या पेटीतून वाचायला ग्रंथ येत आणि वाचून झालेले परत जात. सुरुवातीला पहारेकरी पेटी उघडून पाहत. पुढे पुढे ते कंटाळले. मारियाने हे हेरले. तिने नवऱ्याला त्या पेटीत अंग चोरून पडून राहण्याचा सराव करायला लावला. २२ मार्च १६२१ रोजी पेटी निघाली, तेव्हा तिच्यात ग्रंथांऐवजी ग्रंथकार होता. एल्शे नावाची तरुण मोलकरीण पेटीबरोबर नावेतून गेली आणि तिने ती गोर्कुम गावातल्या स्नेह्यांच्या घरी सुखरूप पोचवली. तिथून गवंड्याच्या वेषात ग्रोशियस सरहद्दीपार झाला. मारिया मागे राहिली होती, तिलाही काही दिवसांनी सोडून देण्यात आले. मराठी वाचकाला इथे आग्र्याचे पेटारे आठवल्यावाचून राहणार नाहीत. ती सुटका १६६६ ची, म्हणजे याच्यानंतर ४५ वर्षांनी. आज हॉलंडमध्ये एकाहून अधिक संग्रहालये खरी पेटी आपलीच म्हणून दाखवतात. मला मात्र त्या मोलकरणीचे धैर्य अधिक मोठे वाटते. पकडली गेली असती तर तिच्यामागे ना घराणे होते ना पदवी.

पॅरिसमध्ये तेराव्या लुईने त्याला वर्षासन दिले, पण ते वेळेवर मिळत नसे. घरात ओढग्रस्त आणि बाहेर तीस वर्षांचे युद्ध पेटलेले. गावेच्या गावे बेचिराख होत होती. अशा वेळी १६२५ मध्ये त्याने युद्ध आणि शांतता यांच्या कायद्यावरचा आपला महाग्रंथ प्रसिद्ध केला. या वेळी त्याच्यामागे कोणी अशील नव्हते. युद्ध कोणत्या कारणांसाठी न्याय्य ठरते, युद्धातही काय करू नये, शत्रूला दिलेला शब्दही का पाळावा, याची त्यात सविस्तर चर्चा आहे. बायका, मुले, शेतकरी, व्यापारी आणि कैदी यांना शक्य तितके वाचवावे, असे त्याने आग्रहाने मांडले.

त्याच ग्रंथाच्या प्रास्ताविकात मला बाबांच्या गप्प बसण्याचे उत्तर सापडले. ग्रोशियस म्हणतो ते साधारण असे, की आजच्या फायद्यासाठी कायदा मोडणारा माणूस ज्या भिंतीच्या आडोशाने उद्या त्याला स्वतःला राहायचे आहे तीच पाडत असतो. आणि राष्ट्राचेही तसेच आहे. सर्वांत बलाढ्य राज्यालाही कधी ना कधी दुसऱ्याचा व्यापार, मदत किंवा तह लागतोच. बाबांनी ग्रोशियसचे नावही ऐकलेले नव्हते. पण पेठेत लक्षात राहते म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले.

पुढचे आयुष्य दगदगीत गेले. १६३१ मध्ये तो मायदेशी परतला, पण पुन्हा अटकेची वेळ येताच पुढच्याच वर्षी त्याला देश सोडावा लागला. नंतर दहा वर्षे त्याने पॅरिसमध्ये स्वीडनचा राजदूत म्हणून काम केले. १६४५ मध्ये स्वीडनहून निघताना त्याचे जहाज वादळात सापडले. कसाबसा किनाऱ्याला लागून तो आजारी अवस्थेत जर्मनीतल्या रॉस्टॉकला पोचला आणि २८ ऑगस्ट रोजी तिथेच वारला. ज्या देशाने त्याला जिवंतपणी ठेवून घेतले नाही, त्याच देशात, डेल्फ्टच्या चर्चमध्ये, त्याचे दफन झाले. १८९९ च्या हेग शांतता परिषदेच्या वेळी अमेरिकेच्या प्रतिनिधींनी त्याच्या समाधीवर चांदीचे पुष्पचक्र वाहिले. डेल्फ्टपासून जवळच हेगमध्ये आज आंतरराष्ट्रीय न्यायालय आहे.

त्याच न्यायालयात आपलाही एक खटला चालला. १९५४ मध्ये दादरा व नगर हवेली मुक्त झाल्यावर पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी भारताविरुद्ध दावा लावला. मागणी होती भारताच्या हद्दीतून जाण्याच्या वाटेची. ज्यांनी एके काळी साऱ्या समुद्राला कुलूप लावले होते, ते आता वाट मागायला न्यायालयात आले होते! पुरावा म्हणून पेशव्यांबरोबरचा १७७९ चा तह पुढे आला. मराठ्यांनी दिला तो फक्त महसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे, असे न्यायालयाने मानले. १२ एप्रिल १९६० च्या निकालात नागरी माणसे आणि माल यांच्यापुरता पोर्तुगालचा जाण्यायेण्याचा हक्क होता असे ठरले, सैन्य व शस्त्रे यांसाठी तो नाकारला गेला, आणि भारताने काही नियमभंग केला नाही असाही निर्णय झाला.

माझा एक वर्गमित्र याच अंकाच्या कन्नड विभागात मंगळूरचे बी. एन. राव यांच्यावर लिहीत आहे. राव १९५२ पासून त्या न्यायालयाचे न्यायाधीश होते. लेख लिहिताना आमचा वाद झाला. तो म्हणाला, की निकाल असला तरी डिक्री बजावायला बेलीफ कुठे आहे? गोवा तर १९६१ मध्ये सैन्याने मुक्त केला. याला माझ्यापाशी पुरे उत्तर नाही. आपल्या आज्ञापत्रातही आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. समुद्र केवळ युक्तिवादाने राखता येत नाही, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते.

तरीही कार्ताझ आज कोणी मागत नाही. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैल त्या त्या देशाचे, आणि खुल्या समुद्रावर सर्वांना वाट मोकळी. नियम मोडणारा देशही आपण नियमातच आहोत असे सिद्ध करण्यासाठी वकील उभा करतो. ग्रोशियसही आधी असाच एक वकील होता. आधी त्याने कंपनीसाठी लिहिले, आणि तुरुंग व परागंदा जिणे भोगल्यावर सर्वांसाठी लिहिले. त्याचा पहिला ग्रंथ वाचताना दुसरा विसरू नये, आणि दुसरा वाचताना पहिला.

या हंगामात त्या व्यापाऱ्याने पुन्हा आमच्याकडे माल मागितला. बाबांनी दिला, पण आधी कागद करून घेतला. तो कागद मी लिहिला.