चंद्रावरच्या चिलखतांचा कारागीर

विज्ञानपटातील एखाद्या योद्ध्याचे चिलखत आणि त्याच्या हातातील किरणबंदूक पडद्यावर दिसते अगदी तशीच घरी घडवण्याचा छंद आज जगभर रुजला आहे. चित्रपट चौकटीचौकटीने थांबवून पाहायचा, मातीत आकार कोरायचा, त्यावरून प्लास्टरचा साचा काढायचा आणि त्या साच्यातून अंगावर चढवता येईल असे कवच उतरवायचे, अशी या कामाची सर्वसाधारण रीत. प्लास्टिक आणि फायबरग्लास येण्याच्या कितीतरी आधी, १९०२ साली, पॅरिसजवळच्या मोंत्रई गावातील एका काचेच्या स्टुडिओत हेच काम माती, प्लास्टर, पुठ्ठा आणि कॅनव्हास यांच्या साह्याने झाले होते. ते करणाऱ्या कलावंताचे नाव जॉर्ज मेलिएस. चंद्रावरच्या रहिवाशांना त्यांनी कवच दिले, रूप दिले. आणि २१ वर्षांनंतर आपल्या स्टुडिओतील बहुतेक वेशभूषा त्यांनीच जाळून टाकली.

मेलिएस यांचा जन्म ८ डिसेंबर १८६१ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडिलांचा पादत्राणांचा कारखाना होता आणि त्यात कुटुंबाने चांगला पैसा मिळवला होता. मुलाचे मन मात्र चित्रकलेत आणि कळसूत्री बाहुल्यांत रमे. चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेण्याची त्यांची इच्छा वडिलांनी मान्य केली नाही आणि त्यांना कारखान्यात रुजू व्हावे लागले. तिथे यंत्रांची देखभाल आणि दुरुस्ती हे काम त्यांच्या वाट्याला आले. नावडत्या कारखान्यातील हीच उमेदवारी पुढे त्यांच्या सर्वाधिक उपयोगी पडली.

१८८४ साली वडिलांनी त्यांना इंग्रजी शिकण्यासाठी लंडनला धाडले. तिथे इजिप्शियन हॉल या नाट्यगृहात मॅस्केलिन यांचे जादूचे प्रयोग पाहून त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. १८८८ साली वडील निवृत्त झाल्यावर त्यांनी कारखान्यातील आपला हिस्सा भावांना विकला आणि आलेल्या पैशातून पॅरिसमधील तेओत्र रोबेर-उदँ हे जादूच्या खेळांसाठी प्रसिद्ध असलेले नाट्यगृह विकत घेतले. रंगमंचाखालचे सापळे, तरफा आणि कळीची यंत्रे आता त्यांच्या हाती आली. पुढची काही वर्षे त्यांनी नवनवे खेळ रचले आणि त्यांना लागणारी यंत्रे, मुखवटे व पडदे यांवर स्वतः मेहनत घेतली.

२८ डिसेंबर १८९५ रोजी ग्रँड कॅफेत ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा सशुल्क खेळ झाला, तेव्हा मेलिएस प्रेक्षकांत होते. तेच यंत्र पुढच्या वर्षी ७ जुलैला मुंबईत वॉटसन हॉटेलात पोहोचले. मेलिएस यांनी यंत्र विकत मागितले. ल्युमिएर कुटुंबाने नकार दिला. तेव्हा त्यांनी लंडनच्या रॉबर्ट पॉल यांच्याकडून एक प्रक्षेपक आणला, त्याची रचना समजून घेतली आणि त्यात बदल करून स्वतःसाठी कॅमेरा तयार केला. कारखान्यातील यंत्रदुरुस्तीचा हात इथे कामी आला.

जादूगाराने चित्रपटकार व्हावे, हा योग महाराष्ट्राच्याही ओळखीचा आहे. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणणारे दादासाहेब फाळके त्याआधी आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने जादूचे प्रयोग करीत असत. कॅमेरा हे डोळ्यांना फसवण्याचे एक नवे यंत्र आहे, ही जाण दोघांनाही होती.

१८९७ साली मेलिएस यांनी मोंत्रई येथे आपला स्टुडिओ बांधला. त्याच्या भिंती आणि छप्पर काचेचे होते, कारण चित्रणासाठी सूर्यप्रकाशावरच भिस्त होती. लेखक, नट, दिग्दर्शक, नेपथ्यकार आणि निर्माता या साऱ्या भूमिका ते एकटे पार पाडीत. त्या काळच्या फिल्मवर रंगांच्या छटा विपरीत उमटत, म्हणून नेपथ्य करड्या रंगाच्या निरनिराळ्या छटांतच रंगवले जाई.

‘चंद्रावरची सफर’ हा त्यांचा सर्वांत गाजलेला चित्रपट १९०२ सालचा. ज्यूल व्हर्न यांच्या चंद्रप्रवासाच्या कादंबऱ्या त्यामागे होत्या. खगोलशास्त्रज्ञांची एक टोळी प्रचंड तोफेतून चंद्रावर जाते, तिथल्या सेलेनाइट नावाच्या रहिवाशांच्या तावडीत सापडते आणि कशीबशी परतते, एवढेच त्याचे कथानक. पण हे रहिवासी दिसावेत कसे, हा प्रश्न होता. माणसाला नुसता विचित्र अंगरखा घालून भागणार नव्हते. मेलिएस यांनी कवचधारी कीटक आणि खेकडे यांच्या जवळ जाणारे रूप कल्पिले. डोकी, पावले आणि गुडघ्यांवरच्या वाट्या यांचे नमुने त्यांनी स्वतः मातीत घडवले, त्यांवरून प्लास्टरचे साचे काढले आणि मुखवटे बनवणाऱ्या एका तज्ज्ञाकडून त्या साच्यांतून पुठ्ठ्याचे भाग करवून घेतले. कॅनव्हासच्या पोशाखासह ते नटांच्या अंगावर चढले.

पुठ्ठा निवडण्यामागे कामाची गरज होती. सेलेनाइटांच्या भूमिका फोली बेर्जेर या रंगगृहातील कसरतपटूंनी केल्या. त्यांना कोलांट्या मारायच्या होत्या, उड्या घ्यायच्या होत्या, वाकून सरपटायचे होते. जड कवचात हे जमले नसते आणि नुसत्या कापडात शरीर माणसाचेच दिसले असते. चिलखत कठीण दिसावे पण अंगाला हलके असावे, ही या कलेतील जुनी अडचण मेलिएस यांनी अशी सोडवली.

या लढाईत पृथ्वीवासीयांचे शस्त्र म्हणजे साधी छत्री. छत्रीचा तडाखा बसताच सेलेनाइट धुराच्या लोटात नाहीसा होतो. त्यासाठी कॅमेरा थांबवला जाई, बाकीचे नट जागच्या जागी स्थिर राहत, तडाखा बसलेला नट बाजूला होई, त्याच्या जागी धूर सोडला जाई आणि चित्रण पुन्हा सुरू होई. नंतर फिल्म कापून जोड इतकी नेमकी बसवली जाई, की डोळ्याला सांधा दिसत नसे. आजच्या पडद्यावर किरणबंदुकीच्या एका झोताने शत्रू विरून जातो, त्या दृश्याचे हे पूर्वरूप होय.

सुमारे १४ मिनिटांच्या या चित्रपटाला तीन महिने लागले आणि जवळपास १० हजार फ्रँक खर्च आला. त्या काळी ही रक्कम मोठी होती आणि तिचा बराचसा भाग यांत्रिक नेपथ्यावर आणि विशेषतः सेलेनाइटांच्या वेशभूषेवर गेला. चित्रपट तुफान चालला. मात्र अमेरिकेत त्याच्या चोरट्या प्रती निघाल्या आणि त्यांची कमाई इतरांनी केली. त्यांना आळा घालण्यासाठी मेलिएस यांचे बंधू गास्तों यांनी १९०३ साली न्यूयॉर्कला कंपनीची शाखा उघडली आणि प्रत्येक चित्रपटाची दुसरी निगेटिव्ह तिकडे जाऊ लागली.

पुढच्या दशकात चित्रपटाचा धंदा बदलला. आठवड्याला ठराविक लांबीची फिल्म पुरवणारे कारखाने उभे राहिले आणि एकेका मुखवट्यावर दिवस खर्चणाऱ्या कारागिराला त्यांच्याशी टक्कर देणे जमेना. १९११ साली मेलिएस यांनी पाथे कंपनीकडून भांडवल घेतले, त्यासाठी घर आणि स्टुडिओ तारण ठेवला. १९१२ सालच्या ध्रुवावरील मोहिमेच्या चित्रपटासाठी त्यांनी माणसे गिळणारा एक अवाढव्य हिमदैत्य उभा केला. पडद्यामागून माणसे त्याचे हात, डोळे आणि जबडा हलवीत. प्रेक्षकांना मात्र आता वेगळ्या प्रकारचे चित्रपट हवे होते. १९१३ साली मेलिएस यांची चित्रपटनिर्मिती थांबली. त्याच वर्षी त्यांच्या पत्नीचे निधन झाले.

पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने त्यांच्या कंपनीच्या चारशेहून अधिक प्रती ताब्यात घेऊन वितळवल्या. त्यातून निघालेले सेल्युलॉइड सैनिकांच्या बुटांच्या टाचांसाठी वापरले गेले. पादत्राणांच्या धंद्यातून सुटून ज्याने चित्रपट घडवले, त्याचे चित्रपट अखेर पादत्राणांत गेले. १९२३ साली रस्त्याच्या विस्तारासाठी नाट्यगृह पाडण्यात आले आणि मोंत्रईची मालमत्ताही हातची गेली. पेट्या ठेवायला जागा उरली नाही. संतापाच्या भरात मेलिएस यांनी तिथे ठेवलेल्या सर्व निगेटिव्ह आणि बहुतेक नेपथ्य व वेशभूषा पेटवून दिली.

१९२५ साली त्यांनी आपल्या चित्रपटांतील जुन्या सहकारी जेआन दाल्सी यांच्याशी विवाह केला. उभयतांनी मोंपार्नास रेल्वे स्थानकात खेळणी आणि गोळ्या-मिठाईचे छोटे दुकान चालवले. चंद्राला डोळा आणि दैत्याला जबडा देणारे हात दिवसभर प्रवाशांच्या मुलांना बाहुल्या विकत होते. १९२६ साली एका चित्रपट-पत्रकाराने त्यांना ओळखले आणि विस्मरणात गेलेले नाव पुन्हा चर्चेत आले. डिसेंबर १९२९ मध्ये पॅरिसच्या साल प्लेयेल सभागृहात त्यांच्या उपलब्ध चित्रपटांचा गौरवसोहळा झाला. १९३१ साली लेजियन ऑफ ऑनर हा सन्मान त्यांना लाभला. तो प्रदान करणारे होते लुई ल्युमिएर, ज्यांच्या कुटुंबाने एके काळी यंत्र नाकारले होते. १९३२ पासून पत्नी आणि नात यांच्यासह ओर्ली येथील चित्रपट कलावंतांच्या निवृत्तिगृहात ते राहिले. २१ जानेवारी १९३८ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

मेलिएस यांनी केलेल्या पाचशेहून अधिक चित्रपटांपैकी सुमारे दोनशे आज उपलब्ध आहेत. न्यूयॉर्कला गेलेल्या निगेटिव्हपैकी काही वाचल्या, काही प्रती निरनिराळ्या देशांत सापडल्या. चंद्रसफरीची हाताने रंगवलेली एक प्रत १९९३ साली बार्सिलोनातील चित्रपट संग्रहालयाकडे आली. तिची फिल्म आक्रसून घट्ट चिकटली होती. अनेक वर्षांच्या खटाटोपाने तिच्या १३,३७५ चौकटी सावरण्यात आल्या आणि २०११ साली कान महोत्सवात ती पुन्हा पडद्यावर झळकली. या प्रतीतील रंग मूळ कवचांचे नव्हेत. ते हाताने एकेका चौकटीवर चढवलेले आहेत.

आजचा हौशी कारागीर सेलेनाइटाचे चिलखत घडवायला बसला, तर मोंत्रईच्या त्या वेशभूषेऐवजी त्याला याच चौकटींवरून मापे घ्यावी लागतील. ज्या फिल्मसाठी पुठ्ठ्याची कवचे तयार झाली, त्या फिल्मनेच त्यांची घडण जपली आहे.